जनुक ‘उघडणं’ आणि जनुक ‘चालू होणं’

प्रश्न असा आहे: प्राण्यांच्या भ्रूणाच्या सुरुवातीच्या वाढीवरच्या एका लेखात एकाच गोष्टीसाठी तीन क्रियापदं आली आहेत. ‘जनुकं जागी होतात’, ‘जनुकं उघडतात’ आणि ‘जनुकं चालू होतात’. तिन्हींचा अर्थ एकच का, आणि एकच ठेवायचं तर कोणतं?

एकच ठेवू नका. ‘उघडणं’ (जनुकापाशी पोचायला जागा होणं) आणि ‘चालू होणं’ (जनुकावरून आरएनए, म्हणजे त्याची कामाची नक्कल, बनू लागणं) या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात वेळेचं अंतर असतं. लेखकाने ती क्रियापदं आलटून पालटून वापरली की नेमकं तेच अंतर पुसलं जातं.

उघडतं काय, ते आधी पाहू. माणसाच्या एका पेशीत सुमारे 2 मीटर डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असलेल्या केंद्रकात मावतो. हिस्टोन प्रथिनांच्या आठ रेणूंचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएच्या 147 बेस-जोड्यांचे (म्हणजे डीएनएच्या 147 ‘अक्षरां’चे) जेमतेम पावणेदोन वेढे, हा झाला एक न्यूक्लिओसोम. अशा न्यूक्लिओसोमांची माळ आणि तिला चिकटलेली इतर प्रथिनं मिळून क्रोमॅटिन. त्यामुळे ‘गुंतलेला डीएनए’ असा प्रयोग दिसला तर तोही खोडा. डीएनए गुंडाळलेला असतो. गुंता सगळाच सोडवत बसावं लागतं, गुंडाळलेलं मात्र हवं तिथे, हवं तेवढंच मोकळं करता येतं. भ्रूण नेमकं हेच करतं.

फळमाशीचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे अंतर अगदी स्वच्छ दिसतं. फलित अंड्यात सुरुवातीला केंद्रकं दर आठ-दहा मिनिटांनी दुभंगत असतात. भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या संख्येने चालू होतात ती दुभंगण्याच्या चौदाव्या चक्रात, म्हणजे साधारण अडीच तासांनी. पण झेल्डा नावाचं प्रथिन आठव्या चक्राच्या सुमारासच डीएनएवर हजारो ठिकाणी जाऊन बसलेलं असतं. सीएजीजीटीएजी अशी सात अक्षरांची खूण ते ओळखतं आणि तिथले न्यूक्लिओसोम बाजूला सरून जागा मोकळी होते. हे झेल्डाही भ्रूणाने नव्याने कमावलेलं नसतं, आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएवरून ते बनतं. आईकडून ते मिळालं नाही, तर यातल्या बऱ्याच जागा बंदच राहतात, अनेक जनुकं वेळेवर चालू होत नाहीत आणि भ्रूण मरतं.

बरं, जागा मोकळी झाली म्हणजे जनुक चालू झालंच असंही नाही. झेल्डा भ्रूणभर सगळ्या केंद्रकांत असतं, तरी हंचबॅक हे जनुक सुरुवातीला पुढच्या अर्ध्या भागातच जोरात चालतं, कारण त्याला चालवणारं बायकॉइड हे प्रथिन डोक्याच्या टोकाकडे दाटलेलं असतं. डोळे उघडले म्हणजे माणूस कामाला लागला असं होत नाही, तसंच हे.

‘उघडणं’ या क्रियापदात एक व्याकरणी अडचण आहे. मराठीत ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘दार उघडलं’ म्हटलं की कोणी उघडलं ते सांगावं लागत नाही. ‘जनुक उघडतं’ या वाक्यात म्हणूनच कर्ता बेमालूम गायब होतो आणि जनुक आपलं आपण उघडतंय असं वाटतं. कर्ता माहीत असेल तर लिहाच: फळमाशीत झेल्डा, झेब्राफिश या माशात पीओयू5एफ3, सॉक्स19बी आणि नॅनॉग ही प्रथिनं. कर्ता लिहायचा नसेल तर ‘क्रोमॅटिन मोकळं होतं’ हे बरं. ‘सैल होतं’ मला कमी पटतं. सैल काय, सगळीकडेच थोडं थोडं असू शकतं, इथे ठरावीक जागा मोकळ्या होतात.

‘जागी होतात’ मथळ्यात चालेल, मजकुरात जपून वापरा. भ्रूण तोवर झोपलेलं नसतंच, आईच्या शिदोरीवर ते धडाक्याने वाढत असतं. शिवाय जनुकं गप्प असण्यामागे झोप नाही, गर्दी आहे. झेब्राफिशच्या अंड्यात हिस्टोनचा साठा भरपूर असतो. जनुकं चालू करणारी प्रथिनं आणि हिस्टोन यांच्यात डीएनएवरच्या त्याच जागांसाठी चढाओढ लागते. डीएनए दर विभाजनागणिक दुप्पट होतो, तसे मोकळे हिस्टोन अपुरे पडत जातात आणि साधारण हजार पेशी झाल्या की पारडं फिरतं. प्रयोगात हिस्टोन वाढवले तर जनुकं उशिरा चालू झाली, कमी केले तर लवकर. उंदरात हा टप्पा दोन पेशींवरच येतो, माणसात चार ते आठ पेशींवर.

तेव्हा लेखातलं वाक्य असं करता येईल: ‘आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएवरून बनलेली प्रथिनं क्रोमॅटिन ठरावीक जागी मोकळं करतात, आणि त्यानंतर भ्रूणाची जनुकं चालू होतात.’ त्याच लेखात दोनदा ‘गर्भ’ आलाय, तिथेही ‘भ्रूण’ करा. अंडं बाहेर घालणाऱ्या माशीच्या बाबतीत ‘गर्भ’ कानाला खटकतो.