'विकला गेला' की 'गाणं दिलं'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "इलेक्ट्रॉनिक संगीतावरचा एक लेख मराठीत करतोय. जाहिरातींना गाणी वापरू देणारे संगीतकार 'सेलआउट' ठरतात का, असा त्याचा विषय आहे. 'सेलआउट'साठी 'विकाऊ' चालेल का?"

माझ्या मते नको. विकाऊ म्हणजे पहिल्यापासूनच विक्रीला ठेवलेला. 'सेलआउट' म्हणताना मात्र मागे एक इतिहास गृहीत असतो: माणूस आपल्यातला होता, एका तत्त्वाला धरून होता आणि मग तिकडे गेला. मराठीत त्याला आपण 'विकला गेला' म्हणतो. साक्षीदार विकला गेला, पुढारी विकला गेला. यातलं 'गेला' महत्त्वाचं, कारण रागाबरोबर थोडी हळहळ त्यातूनच येते. 'त्याने स्वतःला विकलं' हे व्याकरणात बसतं, पण कानाला भाषांतर वाटतं. गंमत म्हणजे क्रिकेटच्या लिलावाच्या बातम्यांमध्ये हेच 'विकला गेला' कौतुकानं येतं आणि कीव येते ती न विकल्या गेलेल्याची!

'बाजारू' आणि 'गल्लाभरू' ही विशेषणं कलाकृतीची. गाणं बाजारू असतं, माणूस विकला जातो. तुमच्या लेखात ही गल्लत होऊ देऊ नका, कारण इथे गाणं आधी तयार झालेलं असतं आणि ते बदलतही नाही, फक्त मोटारीच्या नाहीतर जीन्सच्या दृश्यांखाली वाजतं. फरमाइशीवरून बनवलेल्या जिंगलची गोष्ट वेगळी.

खरी अडचण वेगळीच आहे. जाहिरातीला परवाना देणं ही विक्रीच नव्हे. संगीतकार (किंवा त्याची रेकॉर्ड कंपनी) ठराविक माध्यमात, ठराविक मुदतीपुरता वापर करू देतो, मालकी सोडत नाही. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, त्यामुळे परवानेही दोन लागतात. घरातच एकट्यानं सगळं घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराकडे दोन्ही हक्क असतील, तर काम एका सहीत होतं. शेतीतला जुना शब्द वापरायचा तर हे 'खंडाने देणं' झालं. कसायला दुसरा, सातबारा आपल्याच नावावर. 'भाड्याने देणं' म्हटलं तरी अर्थ तोच, पण त्याच्या शेजारीच 'भाडोत्री' उभा आहे आणि तो 'विकला गेला'पेक्षाही जिव्हारी लागतो.

बोलताना आपण काय म्हणतो? "त्यानं ते गाणं जाहिरातीला दिलं." देणे! मराठीतलं हे क्रियापद पैसे छान लपवतं. घर भाड्यानं दिलं, गाडी वापरायला दिली, मत दिलं. आरोप करणारा 'विकणे' वापरतो, बचाव करणारा 'देणे'. लेखात दोन्ही बाजू असतील तर हा फरक जपा, अर्धं काम त्यानंच होईल.

उदाहरण घ्यायचं तर मोबी या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचं घ्या. 1999 साली आलेल्या त्याच्या 'प्ले' या अल्बमला रेडिओनं सुरुवातीला फारशी दाद दिली नाही. मग त्यातले 18 च्या 18 तुकडे जाहिराती, चित्रपट नाहीतर मालिकांसाठी दिले गेले आणि अल्बमचा खप कोटीच्या घरात पोचला. टीका अर्थातच झाली. त्याच वर्षी मिस्टर ऑइझो या फ्रेंच संगीतकाराची 'फ्लॅट बीट' ही धून जीन्सच्या जाहिरातीतून घराघरांत गेली आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिली आली. ज्या संगीताला रेडिओ उभं करत नव्हता, त्याच्यासाठी जाहिरात हाच रेडिओ ठरला.

मला वाटतं, या संगीतकारांवरचा आरोप थोडा बोथट होतो त्याचं कारण 'शब्द देणे' या प्रयोगात सापडतं. गायक गातो तेव्हा तो जणू शब्द देतो. तेच गाणं साबण विकू लागलं की शब्द फिरवल्यासारखं वाटतं. नुसत्या ठेक्यानं कसला शब्द दिलेला असतो? पण हे मोबीला पुरतं लागू होत नाही. 'प्ले'मधल्या काही तुकड्यांत अमेरिकी लोकसंगीत जमवणाऱ्या अॅलन लोमॅक्सच्या संग्रहातले जुने लोकगायकांचे आवाज आहेत. त्यातल्या व्हेरा हॉल 1964 मध्येच वारल्या होत्या. त्यांच्या आवाजाच्या बाबतीत 'दिलं' कोणी आणि 'विकलं' कोणी, हे ठरवताना कर्त्याची विभक्तीच डळमळते.

जाता जाता: कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकात नाट्याचार्य गणदासाच्या तोंडी 'ज्ञानपण्य' असा शब्द आहे. ज्याची विद्या केवळ पोटासाठी, तो ज्ञानाचा माल विकणारा वाणी. त्या धर्तीवर 'नादपण्य' करता येईल, पण तुमच्या वाचकाला त्यासाठी तळटीप लागेल.

तेव्हा शीर्षकासाठी माझी सूचना: 'जाहिरातीला गाणं दिलं म्हणजे संगीतकार विकला गेला का?' आत करारमदाराचा विषय आला की 'वापराचा परवाना', आणि 'विकाऊ' कुठेच नको.