आधी ताळेबंद माग

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. "काका, तिकीट कापलं आणि आता महामंडळ देऊन बोळवण करतायत. घेऊ का?" घ्यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण तासाभरात तू गाडीचं बोललीस, राज्यमंत्र्याच्या दर्जाचं बोललीस, मुंबईतल्या दालनाचंही बोललीस. ताळेबंदाचं नाव एकदाही काढलं नाहीस. माझं डोकं फिरलं ते तिथं.

वैकुंठभाई मेहता तुला माहीत असतील ते पुण्यातल्या सहकार संस्थेच्या पाटीवरून. हा माणूस मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेत पस्तीसेक वर्षं खपला. सोसायट्यांची कर्जं, थकबाकी, वसुली. मग 1946 ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थ आणि सहकार ही खाती. 1952 ला मंत्रिपद संपलं, 1953 ला खादी-ग्रामोद्योग मंडळ आलं. 1957 मध्ये कायद्याने आयोग झाला, त्याचेही अध्यक्ष तेच. कालचा अर्थमंत्री आज तेलघाणी, हातकागद आणि मधाच्या पेट्यांचा हिशेब बघतोय! तुझ्या भाषेत ही बोळवणच की. पण त्यांना आकडे वाचता येत होते, म्हणून खुर्ची लहान की मोठी हा प्रश्नच उरला नाही. वडील लल्लूभाई बँक काढणाऱ्यांतले होते, असं तू म्हणशील. होते. बापाने दार उघडलं असेल, खतावणी काही बापाने वाचून दिली नाही.

मलाही एकदा असंच एक महामंडळ मिळालं होतं. पहिल्या बैठकीला गेलो तर बैठकीचं इतिवृत्त टाइप होऊन तयार! मी हसलो आणि सही केली. चहाबरोबर खारे काजू होते ते आठवतात. लेखापरीक्षकाचे शेरे आठवत नाहीत, कारण ते वाचलेच नव्हते. पुढे चौकशी लागली. मी एक रुपया खाल्ला नाही, हे तुलाही माहीत आहे. तेव्हा सगळेच अध्यक्ष तशा सह्या करायचे. शिवाय व्यवस्थापकीय संचालक सरकारी अधिकारी, त्याने पुढे केलेला कागद आपण अडवायचा म्हणजे... जाऊ दे. सही माझी होती.

म्हणून सांगतो, ताळेबंद वाच. स्वतः वाच, पीएकडून ऐकू नकोस. आणि मागून वाच: आधी शेरे, मग येणी-देणी, मग तोटा. अध्यक्षांचं मनोगत गुळगुळीत कागदावर फोटोसकट असतं, ते वाचलं नाहीस तरी चालेल. लेखेच चार वर्षं थकलेत असं कळलं, तर हार घालून घेण्याआधी का थकले ते विचार. अवघड वाटतं? मग अकाउंटंट ठेव, शिकवणी लाव. प्रचाराला तीन महिने उन्हात फिरलीस ना? याला तीन आठवडे पुरतील.

रविवारी घरी ये. काकूने थालीपीठं करायचं कबूल केलंय. येताना त्या महामंडळाचे मिळतील तितके ताळेबंद आण. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, तूच मोठ्याने वाच.

तुझा काका