कोऱ्या फिल्मवर रंगवू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि कॅमेऱ्याशिवाय, कोऱ्या पट्टीवर थेट हाताने रंगवून स्कॅन करून पाठवलेली फुलांची फिल्म, दोन्ही मिळाले. फिल्म मी आधी नेहमीच्या वेगाने पाहिली आणि नंतर एकेक फ्रेम, म्हणजे पट्टीवरची एकेका चित्राची चौकट, थांबवून पाहिली. थांबवून पाहताना ती फार देखणी वाटते. पाकळ्यांच्या कडा, एका रंगात दुसरा मिसळतानाची जागा, बोटाच्या ठशाचा तू करून घेतलेला उपयोग, हे सारे दाद देण्यासारखे आहे. मात्र ती चालू केली की यातले काहीच हाती लागत नाही. पडद्यावर नुसती लुकलुक होत राहते आणि थोड्याच वेळात डोळे शिणतात. ‘रंग कमी करू की वेग?’ असे तू विचारले आहेस. माझ्या मते दोन्हींना हात लावायची गरज नाही. तू प्रत्येक फ्रेमवर एक स्वतंत्र, पूर्ण चित्र काढले आहेस, आणि सेकंदाला 24 या गतीने येणारी स्वतंत्र चित्रे कोणाचाही डोळा वाचू शकत नाही. प्रेक्षकाला दिसतो तो एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत झालेला बदल. तुझा ब्रश त्या बदलावर यायला हवा. या पत्रात मला प्रामुख्याने एवढेच सांगायचे आहे, बाकीचे त्याच्या अनुषंगाने येईल.

ज्यांची नावे तू पत्रात घेतली आहेस, त्यांच्याकडे याच दृष्टीने पुन्हा पाहा. न्यूझीलंडमध्ये 1901 साली जन्मलेले आणि 1926 मध्ये लंडनला आलेले लेन लाय यांनी 1935 मध्ये ‘अ कलर बॉक्स’ थेट फिल्मवर रंगवून केला. त्यासाठी पैसे दिले ते ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने, विभागप्रमुख जॉन ग्रिअर्सन यांच्या पाठिंब्याने, आणि म्हणूनच शेवटी पार्सलच्या दरांची जाहिरात आहे. अमूर्त कलेचा हा मैलाचा दगड सरकारी जाहिरातीच्या पैशातून उभा राहिला, ही गोष्ट शिष्यवृत्तीची वाट पाहत बसलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आपल्या कामाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. लाय यांनी पुष्कळ ठिकाणी फ्रेम मोजल्याच नाहीत. त्यांनी फिल्मच्या लांबीने रेषा ओढल्या. अशी रेषा प्रत्येक फ्रेममधून उभी जाते, त्यामुळे पडद्यावर ती एका जागी उभी असलेली दिसते, आणि ओढताना हात जेवढा डावी-उजवीकडे हलला असेल तेवढी ती तिथल्या तिथे थरथरते. रेषा हळूहळू एका कडेकडे नेली तर ती पडद्यावर सरकत जाते. म्हणजे हाताची हालचाल जशीच्या तशी पडद्यावर उतरते, मध्ये आकृती लागतच नाही. त्यावर उडत्या लयीचे क्यूबन नृत्यसंगीत घातलेले असल्याने प्रेक्षकाला रेषाच नाचते आहे असे वाटते.

नॉर्मन मॅक्लॅरेन आणि एव्हलिन लॅम्बर्ट यांनी 1949 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी केलेला ‘बिगॉन डल केअर’ तू पाहिला आहेसच. तो पुन्हा, आवाज बंद करून पाहा. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रयीचे संगीत आधी ध्वनिमुद्रित झाले, मग त्यातला प्रत्येक आघात कितव्या फ्रेमवर पडतो हे मोजून लिहिले गेले, आणि त्यानंतर ब्रश हातात आला. पहिल्या आणि तिसऱ्या भागात रंगांचा अक्षरशः पूर आहे. मधला संथ भाग जवळजवळ काळाच आहे आणि त्यात मोजक्या पांढऱ्या रेषा तरंगतात. मला विचारशील तर तो मधला भाग सर्वांत अवघड आहे, कारण तिथे लपायला जागा नाही. लॅम्बर्ट यांचे नाव अनेक लेखांत मॅक्लॅरेन यांच्या मागे कुठेतरी येते, ते मला खटकते. या चित्रपटाच्या त्या सहदिग्दर्शिका होत्या. तू लिहिशील तेव्हा दोन्ही नावे लिही.

तुझ्या लुकलुकीवरचे औषध मात्र मॅक्लॅरेन यांच्या 1955 च्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये आहे. कान महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या या चित्रपटात त्यांनी काळ्या फिल्मवर चाकू-सुईने चित्रे कोरली आणि बहुतेक फ्रेम कोऱ्या, म्हणजे काळ्याच, सोडून दिल्या. एखादी फ्रेम, क्वचित तीन-चार फ्रेमचा पुंजका, आणि पुन्हा काळोख. डोळ्यावर उमटलेले चित्र विझायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मन पुढच्या चित्राशी त्याचा दुवा जोडते. जिथे काहीच काढलेले नाही, तिथेही प्रेक्षकाला पाखरू उडताना दिसते. तू एकही फ्रेम रिकामी ठेवली नाहीस. पुढच्या वेळी निम्म्याहून अधिक ठेवून पाहा. एक सावधगिरी बाळग. काळी आणि पारदर्शक फ्रेम आलटून पालटून ठेवलीस, तर सेकंदाला 12 वेळा प्रकाश चमकतो, आणि अपस्माराची प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींना अशा चमकण्याने झटका येऊ शकतो. दाखवण्यापूर्वी तशी स्पष्ट सूचना द्यायला संकोच करू नको.

सरावासाठी एक काम सांगतो. तू तबला शिकली आहेस, त्याचा उपयोग कर. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात. लय मिनिटाला 90 मात्रांची धरली तर एका मात्रेला नेमक्या 16 फ्रेम मिळतात, म्हणजे एक मात्रा बरोबर एक फूट. तीनतालाचे 16 मात्रांचे एक आवर्तन 256 फ्रेमचे, पाच मीटरच्या किंचित आत. जमिनीवर तेवढी फिल्म अंथर, शेजारी कागदी पट्टीवर मात्रा लिही आणि सम (पहिली मात्रा), टाळी, खाली (टाळीऐवजी हात रिकामा फिरवायची जागा) यांच्या खुणा कर. मग एकच रंग आणि एकच ठिपका घे. पहिल्या आवर्तनात ठिपका फक्त समेवर आणि टाळीवर येऊ दे. दुसऱ्यात तो मात्रेच्या चार फ्रेम आधीपासून वाढत येऊन मात्रेवर फुटू दे. तिसऱ्यात खालीच्या चार मात्रा पूर्ण कोऱ्या ठेव. हे तिन्ही पाहिल्यावर ठिपका किती सुंदर काढला आहे याला किती कमी महत्त्व आहे, आणि तो कधी येतो याला किती, हे तुझे तुलाच कळेल. कंटाळा येईल, तो येऊ दे.

आता साहित्याविषयी. तू पांढऱ्या पोस्टर कलरने फुलांना उठाव दिला आहेस आणि ती जागा पडद्यावर काळी का दिसते, असे विचारले आहेस. प्रकाश फिल्मच्या आरपार जातो. रंग अपारदर्शक असेल तर तो कोणताही असो, प्रकाश अडतो आणि सावलीच पडते. पांढरे हवे असेल तर ती जागा कोरी सोडावी लागते. म्हणून पारदर्शक शाई, ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर लिहायची) पेने किंवा जुन्या स्टुडिओंत कृष्णधवल छायाचित्रे रंगवायला वापरत ते फोटो कलर घे. तेही कुठल्या बाजूला लावतेस यावर अवलंबून आहे. फिल्मच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो. ओठ किंचित ओलसर करून फिल्म टेकवली तर जी बाजू चिकटते ती ही. पाण्याचे रंग या थरात शोषले जातात. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूवर त्यांचे थेंब होऊन ते गोळा होतात. नुसत्या प्लास्टिकच्या लीडरवर, म्हणजे रिळाच्या टोकाला जोडतात त्या कोऱ्या पट्टीवर, तर दोन्ही बाजूंना हीच गत होते. ॲक्रिलिक बसतो खरा, परंतु फिल्म गुंडाळली की त्याचे पापुद्रे निघतात.

कोरून काम करायचे असेल तर डेव्हलप होऊन पूर्ण काळी झालेली रंगीत प्रिंट फिल्म, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या प्रती जिच्यावर काढतात ती, मिळव. तिच्यात तीन रंगांचे थर एकावर एक असतात. हलक्या हाताने खरवडले की हिरवा उमटतो, थोडे अधिक खोल गेले की पिवळा, आणि सगळे थर निघाले की स्वच्छ पांढरा प्रकाश. सुईवरचा दाब हीच तिथे रंगपेटी होते. लाय यांनी 1958 च्या ‘फ्री रॅडिकल्स’मध्ये काळ्या फिल्मवर सुयांपासून दंतवैद्याच्या हत्यारांपर्यंत नाना वस्तूंनी ओरखडे काढले, आणि पुढे 1979 मध्ये तोच चित्रपट पुन्हा हाती घेऊन साधारण पाच मिनिटांचा चार मिनिटांवर आणला. ब्रुसेल्सच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालेले काम वीस वर्षांनी आणखी कापायची ती तयारी मला त्या ओरखड्यांहून मोठी वाटते. ‘दहा मिनिटांचे केले तर महोत्सवात घेतील का?’ या तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यात आले. लांबी मुळातच वाईट असते असे मी म्हणत नाही. होसे आंतोनिओ सिस्तियागा या बास्क चित्रकाराने 1970 मध्ये 75 मिनिटांचा, आवाज नसलेला, संपूर्ण हाताने रंगवलेला चित्रपट पूर्ण केला होता. तेवढी गरज तुझ्या आशयाला वाटेल त्या दिवशी तूही कर.

रंगांच्या बाबतीत मी थोडा कडक होणार आहे. अमेरिकन प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांचा ‘मॉथलाइट’ तुला आवडतो. 1963 मध्ये त्यांनी पतंगांचे पंख, पाने आणि पाकळ्या चिकटपट्टीच्या दोन थरांमध्ये दाबून, कॅमेऱ्याशिवाय तो केला. नंतर कित्येक वर्षे ते फिल्मवर रंगांनी काम करत राहिले. 2003 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगानंतर ते गेले, आणि त्यांनी दीर्घकाळ हाताळलेले डांबरजन्य रंग त्याला कारणीभूत असावेत, असा संशय व्यक्त झालेला आहे. तुझ्या व्हिडिओत तू शाई लागलेला ब्रश ओठांनी टोकदार करताना दिसतेस. ही सवय आजच सोड. हातमोजे वापर, खिडकी उघडी ठेव, जेवणाच्या टेबलावर हे काम करू नको. इमल्शन, म्हणजे तो जिलेटिनचा थर, काढायला ब्लीच वापरत असशील तर ते संडास साफ करायच्या ॲसिडजवळ मुळीच नेऊ नको. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो.

आवाजाचे तुला कुतूहल आहे म्हणून थोडे लिहितो. फिल्मच्या कडेला ध्वनीसाठी राखलेल्या अरुंद पट्टीवर तू आडव्या रेघा काढल्यास तर प्रोजेक्टर त्यांचा सूर करतो. एका फ्रेमच्या लांबीत 10 समान रेघा असतील तर सेकंदाला 240 कंपने होतात. रेघा दाट केल्या की सूर चढतो. मॅक्लॅरेन यांनी 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘डॉट्स’ आणि ‘लूप्स’साठी चित्राबरोबर आवाजही असाच हाताने काढला. फक्त ध्यानात ठेव की आवाज वाचणारे यंत्र चित्राच्या खिडकीच्या, म्हणजे चित्रावर प्रकाश पडतो त्या प्रोजेक्टरमधल्या चौकटीच्या, पुढे असते. 16 मिलिमीटरमध्ये ध्वनी चित्राच्या 26 फ्रेम आधी काढावा लागतो, नाहीतर ठिपका दिसून गेल्यावर सेकंदभराने त्याचा आवाज येतो. कधी कधी तो उशीरही गमतीचा असतो.

‘हेच संगणकावर लवकर होईल’ असे तुझे मित्र म्हणतात. होईल. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नको.

मूळ रंगवलेली फिल्म प्रोजेक्टरवर चालवू नको. एक-दोन फेऱ्यांत रंग उडतो आणि प्रोजेक्टरच्या खिडकीत साचतो. घरच्या स्कॅनरवर 2400 डीपीआयला (इंचाला 2400 ठिपके) 16 मिलिमीटरच्या फ्रेमची रुंदी हजाराच्या किंचित खाली पिक्सेल मिळते, 35 मिलिमीटरची त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच तुला 35 ची शिफारस करतो आहे. स्कॅन करताना फिल्मच्या कडेची छिद्रे चित्रात येऊ दे, म्हणजे नंतर फ्रेम एकमेकींशी जुळवता येतील. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते, तेव्हा डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या वेळोवेळी बदल.

शेवटचा विषय चोर बाजारातून आणलेल्या रिळांचा. ती ब्लीचने धुऊन कोरी करायचा तुझा विचार आहे. त्याआधी प्रत्येक रीळ लाइटबॉक्सवर धरून त्यावर काय आहे ते बघ. आपल्याकडे चांदी काढण्यासाठी आणि सेल्युलॉइडसाठी जुन्या प्रती विकल्या गेल्या. 1931 च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही आणि मूकपटांपैकी तर बहुतांश नाहीसे झाले आहेत. रिळावर शीर्षक, ओळखीचा चेहरा, एखाद्या गावाचे वा कारखान्याचे दृश्य दिसले तर थांब आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळव. रीळ 1951 च्या आधीचे वाटले तर ते घरात ठेवूही नको, कारण ते नायट्रेटचे, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही सेल्युलॉइडचे, असू शकते आणि नायट्रेट भडकून पेटते. उग्र शिरक्याचा (व्हिनेगरचा) वास येत असेल तर ॲसिटेट, म्हणजे नायट्रेटऐवजी आलेले फिल्मचे प्लास्टिक, कुजू लागले आहे असे समज आणि ते रीळ बाकीच्यांपासून वेगळे कर. अलीकडच्या जाहिरातींच्या जादा प्रती, प्रयोगशाळेतील तुकडे आणि कोरे लीडर यांवर मात्र तुला हवे ते कर.

तीनतालाची तीन आवर्तने झाली की स्कॅन पाठव. आवाज जोडू नको, मी इकडे ठेका धरून पाहीन.

तुझे
सर