आमवात असलेल्या आईला या वयात हिमोफिलिया कसा होईल?

देवगडच्या तुमच्या ६८ वर्षांच्या आईला आमवात आहे, आठवडाभरात मांडीवर-दंडावर काळेनिळे डाग आलेत, प्लेटलेट नॉर्मल पण एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी) वाढलेला, आणि डॉक्टर हिमोफिलियाचं नाव काढतात. तो तर मुलग्यांना जन्मतः होतो ना, असं तुम्ही विचारलंय.

जन्मजात असतो तो वेगळा. आईला असू शकेल तो अ‍ॅक्वायर्ड हिमोफिलिया. माझ्या आतेला झाला होता, म्हणून लिहितेय. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ शरीर बनवतं, पण प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उलटते आणि अँटिबॉडी त्याला निकामी करतात. आमवात, ल्युपससारखे प्रतिकारशक्तीचे आजार, कॅन्सर, बाळंतपण यांच्यामागून तो येतो. जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसरा रुग्ण. तुमच्या डॉक्टरांना तो सुचला हेच मोठं.

आमच्याकडे कोणालाच सुचला नाही. 'खंयतरी आपाटली आसतली' म्हणण्यात आठ दिवस गेले, मग देवळात गाऱ्हाणं घालून झालं. दुखतं म्हणून एका दवाखान्यात कमरेखाली इंजेक्शन दिलं आणि रात्रीत ती बाजू गुडघ्यापर्यंत सुजून काळी पडली. या आजारात रक्त सांध्यांपेक्षा कातडीखाली आणि स्नायूंत साचतं. म्हणून हात जोडून सांगते, निदान होईपर्यंत स्नायूत सुई नको, मांडी चोळणं-शेकणं नको. आमवातासाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता तपासणी. मिक्सिंग टेस्टमध्ये आईच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ भागात) निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मानिम्म मिसळून एपीटीटी पुन्हा बघतात. फॅक्टर नुसता कमी असेल तर वेळ सुधारतो, अँटिबॉडी असेल तर नाही. ही अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवूनही बघावं लागतं. हे आवर्जून विचारा, लगेच केलेली टेस्ट फसवी ठरू शकते. मग फॅक्टर आठची पातळी आणि अँटिबॉडी किती आहे ते मोजणारी बेथेस्डा टेस्ट. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाच्या वेगळ्या अँटिबॉडीनेही एपीटीटी वाढतो, पण त्यात रक्त उलट गुठळ्या धरतं. उपचार अगदी विरुद्ध, म्हणून दोन्हींतला फरक कळायलाच हवा.

आमचं पहिलं सँपल पार्सलने गेलं, पोचेपर्यंत दिवस उलटला, रिपोर्ट वाया. निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून साधारण चार तासांत तपासायला हवी. त्यापेक्षा आईलाच तपासणी होते तिथे न्या. गोव्यातलं बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ; निघण्याआधी फोन करून रक्तविकारतज्ज्ञ आणि ही टेस्ट आहे का विचारून घ्या. मुंबईत परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे.

उपचार दोन बाजूंनी चालतात. रक्तस्राव थांबवायला फॅक्टर सात-ए किंवा फिबा ही फॅक्टर आठशिवाय रक्त गोठवणारी औषधं देतात, कारण नेहमीचा फॅक्टर आठ अँटिबॉडी बहुधा टिकू देत नाही. ही औषधं फार महाग आहेत, सरकारी रुग्णालयात मिळतील का ते आधी विचारा. अँटिबॉडी घालवायला स्टेरॉइड, सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब. आतेला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर बरं व्हायला सहा आठवडे लागले. हा आजार उलटू शकतो, म्हणून नंतरही तिचा एपीटीटी दर महिन्याला करत होतो.

आईचा एपीटीटी किती सेकंद आला ते इथे कळवा. पण लघवी लाल, शौच काळं, जोराची डोकेदुखी किंवा पोटात-जांघेत कळ असेल तर उत्तराची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.