नव्या ठिकाणी डॉक्टर निवडताना

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून गेल्या वर्षी कराडहून पुण्याला मुलाकडे राहायला आले. मला १५ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. कराडच्या डॉक्टरांना माझे सगळे ठाऊक होते. मी दारातून आत येतानाच चालण्यावरून ते गुडघ्याची चौकशी करीत. येथे वर्षभरात तीन डॉक्टर झाले. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगावे लागते, मी गडबडते, आणि सांगायचे तेच राहून गेल्याचे घरी आल्यावर आठवते. मुलाचे म्हणणे आहे की, यापुढे थेट मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांनाच दाखवावे. आपला सल्ला काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मुलाची काळजी मी समजू शकतो, परंतु आपल्याला सर्वांत आधी गरज आहे ती पुन्हा एका फॅमिली डॉक्टरची. डोळ्यांचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे तज्ज्ञ आपल्याला वेळोवेळी लागतील. पण त्या सर्वांनी लिहिलेली औषधे एकत्र पाहणारे, एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधाच्या आड येत नाही ना हे तपासणारे कोणी तरी एक माणूस असावेच लागते.

दवाखाना घरापासून इतकाच दूर असावा की, अंगात ताप असताना आपण एकट्या रिक्षाने जाऊ शकाल. शेजाऱ्यांकडे चौकशी करताना ‘डॉक्टर चांगले आहेत का?’ असे विचारले तर ‘हो, चांगले आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे की, साध्या अशक्तपणासाठी ते सलाईन लावतात का, आवश्यक तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे वेळेत पाठवतात का, आणि ते गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण पाहते. माझ्या मते यांतला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण स्वतःच्या मर्यादा ओळखून वेळीच चिठ्ठी देणारा डॉक्टर रुग्णाला मोठ्या संकटातून वाचवतो.

पाटीवरील पदवी नीट वाचावी. ‘एम. डी.’ ही अक्षरे आयुर्वेदातील पदव्युत्तर पदवीलाही लागतात, त्यामुळे आधी एम.बी.बी.एस. आहे की बी.ए.एम.एस. हे पाहावे. पहिल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि दुसऱ्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार एम.बी.बी.एस. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर देणे बंधनकारक आहे. तो दिसला नाही, तर विचारण्यात संकोच करू नये.

आता तयारीविषयी. घरातील सर्व औषधे, म्हणजे गोळ्या, थेंब, मलमे, कोणी सुचवलेली चूर्णे, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, हे सगळे एका पिशवीत घालून न्यावे. गुडघ्याच्या गोळ्यांचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण बहुतेक वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि मधुमेही व्यक्तीच्या मूत्रपिंडावर ताण येतो. तरीही ‘ती काही माझी नेहमीची औषधे नव्हेत’ असे समजून रुग्ण नेमके त्यांविषयीच सांगत नाहीत. माझ्याकडे एक आजोबा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून आले होते. त्याआधी ते कानाच्या डॉक्टरांनाही दाखवून आले होते. त्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा वेगवेगळ्या नावांची आणि रंगांची दोन पाकिटे निघाली. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत ‘टेल्मीसार्टन ४०’ असेच, म्हणजे रक्तदाब कमी करणाऱ्या एकाच औषधाचे नाव, छापलेले होते. एक गोळी ते जुन्या चिठ्ठीप्रमाणे सकाळी आणि दुसरी हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या डिस्चार्ज कार्डाप्रमाणे रात्री घेत होते. हे कोणत्याही रक्ततपासणीत दिसले नसते. म्हणून स्ट्रिप अर्धी कापून घेतली असेल, तर औषधाचे नाव आणि मुदत छापलेला तुकडा जपून ठेवावा.

पिशवीबरोबर एका कागदावर आजार आणि त्यांची वर्षे, झालेल्या शस्त्रक्रिया, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले होते ते, आणि घरी मोजलेले साखरेचे व रक्तदाबाचे आकडे तारखांसह लिहावेत. त्याच कागदाच्या माथ्यावर, आज आपण कशासाठी आलो आहोत ते दोन ओळींत लिहावे आणि आत गेल्यावर तेच प्रथम वाचून दाखवावे. अनेक जण सर्दीपासून सुरुवात करतात आणि छातीत भरून येते हे दाराशी पोहोचल्यावर सांगतात.

‘खरा’ रक्तदाब कळावा म्हणून त्या सकाळची गोळी टाळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कृपया तसे करू नये, कारण वाढलेला आकडा पाहून डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवतील. मोजण्यापूर्वीचा अर्धा तास चहा घेऊ नये आणि पाच मिनिटे टेकून शांत बसावे. उपाशीपोटी साखर तपासायची असेल, तर मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन केव्हा घ्यायचे, हे मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

कराडच्या डॉक्टरांकडून आजवरच्या उपचारांचा सारांश लिहून मागवावा. इतक्या वर्षांच्या रुग्णाला ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : आईला डॉक्टरांकडे नेले की मीच सगळे सांगते, कारण ती बोलतच नाही. परवा तिने मावशीला सांगितले की, तिला वर्षभर लघवी आवरत नाही. हे तिने मला किंवा डॉक्टरांना का सांगितले नसेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुधा आपण समोर होतात म्हणूनच. मुलांसमोर, विशेषतः जावई किंवा मुलगा असताना, या गोष्टी बोलणे त्या पिढीतील स्त्रियांना फार जड जाते. पुढच्या वेळी औषधांची पिशवी आणि कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा, आवश्यक ते सांगावे आणि ‘आई थोडा वेळ एकटी बोलेल’ असे म्हणून बाहेर बसावे. स्त्री डॉक्टर उपलब्ध असल्यास त्यांची वेळ घ्यावी. हा त्रास वयाचा म्हणून सोसण्याचा नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर किंवा ओटीपोटाच्या स्नायूंचा सैलपणा अशी त्याची कारणे असतात आणि त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत. आईंना एवढेच सांगावे की, डॉक्टरांनी हे रोज ऐकलेले असते.