शैक्षणिक कर्जातून विम्याचा हप्ता?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव गेवराई तालुक्यात, घरी शेती. शैक्षणिक कर्जाचे आतापर्यंत अडीच लाख उचललेत, व्याज साडेदहा टक्के. आता संध्याकाळी काम करायचं म्हणतोय. डिलिव्हरीत महिना १५ हजार पडतात असं मित्र सांगतात. एक क्लासवाले अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीचे ६ हजार देतायत. मागच्या वर्षी दाजींकडून पॉलिसी घेतली. वर्षाला ३० हजार, २० वर्षं भरायचे, शेवटी साडेदहा लाख. पहिला हप्ता कर्जातल्या मेस-खोलीच्या पैशातून गेला. दुसरा पुढच्या महिन्यात आहे, तो तरी स्वतः कमवून भरावा म्हणतो. कोणतं काम घेऊ?

उत्तर : क्लासचं. पण आधी पॉलिसीचं बोलू, कारण ती चालू राहिली तर क्लासच्या कमाईतून हातात फारसं काही उरणार नाही. क्लासचे पाच महिन्यांचे पैसे दरसाल एकट्या हप्त्याला जातील.

सहा लाख भरून साडेदहा लाख, ऐकायला बरं वाटतं. वर्षाचा परतावा काढा, जेमतेम ५ टक्के येतो. त्यातही बोनसचा, म्हणजे कंपनी आपल्या नफ्यातून देते तो भाग हमीचा नसतो. महागाई ६ टक्के धरली तर तेव्हाचे साडेदहा लाख म्हणजे आजचे सव्वातीन. आणि त्यासाठी पैसा उचलला साडेदहा टक्क्यांनी! पहिल्या ३० हजारांवरच पुढच्या तीन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास व्याज चढेल. बँकेनं ते पैसे जेवणा-राहण्यासाठी दिले होते, हे वेगळंच.

टॅक्स वाचतो, असंही दाजींनी सांगितलं असणार. उत्पन्नच नसलेल्या विद्यार्थ्याचा कुठला टॅक्स? पॉलिसीच्या बाँडसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, ती काढून बघा. व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न या रकान्यांत काय लिहिलंय? ‘विद्यार्थी’ न लिहिता ‘शेती, तीन लाख’ असं काही भरलं असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं; तिथे फी लागत नाही.

दुसरा हप्ता भरू नका. नुसतं न भरून भागणार नाही. खात्यावर ऑटो-डेबिट लावलेलं असेल तर ते आधी बंद करा. देय तारखेच्या आठ-दहा दिवस आधी बँकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर कर्जाचा पुढचा मेसचा हप्ता खात्यात येईल आणि विमा कंपनी तो त्याच दिवशी ओढून नेईल. खातं रिकामं असेल तर बाउन्सचा दंड बसतो तो निराळा.

पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच संपली. मात्र ऑक्टोबर २०२४पासूनच्या नियमानं पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष संपल्यावर सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम मिळते. आकडा शाखेतून लेखी मागा, दाजींच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. जे काही मिळेल ते थेट कर्जखात्यात भरा. काही हजार बुडतील, बुडू द्या. ते वाचवायला आणखी ५ लाख ७० हजार घालायचे का? दाजी रुसतील. ‘कर्ज फिटल्यावर बघू’ एवढंच सांगा. कमिशनचा हिशेब काढून नात्यात वितुष्ट आणायचं कारण नाही.

विमा मुळीच नको, असं नाही. कर्जात वडील सहकर्जदार असतील, तर तुमच्यामागे ते त्यांच्याच गळ्यात पडेल. बचत खात्यातून प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घ्या : वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं संरक्षण. सुरक्षा विमा २० रुपयांत, अपघातासाठी आणखी २ लाख. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये.

आता कामाचं. डिलिव्हरीचे १५ हजार हा इन्सेंटिव्हसकटचा, चांगल्या महिन्याचा आकडा असतो. रोज ७०-८० किलोमीटर गाडी पळवली तर पेट्रोल पावणेदोनशेचं. २६ दिवसांचे साडेचार हजार, वर सर्व्हिसिंग, टायर, मोबाइल डेटा. साडेनऊ-दहा हजार राहतील, तेही रात्री अकरापर्यंत फिरून. खासगी म्हणून नोंदलेली गाडी धंद्याला वापरताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय बी.फार्मला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते. सकाळची प्रॅक्टिकल्स झोपेत गेली आणि एक वर्ष वाढलं, तर डिलिव्हरीची सगळी कमाई त्यात वाहून जाईल.

क्लासचे ६ हजार बारमाही नसतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू झाली की तास आटतात, म्हणून नऊ महिन्यांचेच धरा, ५४ हजार. महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. शेवटचा महिना अडकवून ठेवणारे क्लासवाले पुष्कळ आहेत.

त्या ५४ हजारांतून आधी कर्जाचं व्याज. अडीच लाखांवर वर्षाला सव्वासव्वीस हजार, महिन्याला २,२००. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात, शाखेत विचारा. मात्र त्याआधी व्याज-अनुदानाचं विचारा : घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि तुमचं कर्ज केंद्राच्या त्या योजनेत बसत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. तसं असेल तर हे २,२०० मेसला वापरा आणि कर्जाची उचल तेवढी कमी करा.