फिशटँकच्या काचेवर सारखं शेवाळ येतं. औषध टाकू की काच चाटून शेवाळ खाणारा सकर मासा आणू?

दोन्ही नको. तुम्ही लिहिलंय की टँक दोन फुटी आहे, हॉलच्या खिडकीलगत आहे, दिवा सकाळी लावला की रात्री झोपतानाच बंद होतो आणि काच पुसली तरी चार-पाच दिवसांत पुन्हा हिरवी होते. शेवाळाचं कारण यातच आलं. उजेड फार होतोय.

शेवाळाला उजेड लागतो आणि पाण्यात विरघळलेलं खत. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, मग नायट्रेट होतं, शिवाय फॉस्फेट साठतं. मासे आहेत तोवर हे थोडंफार राहणारच. दिव्याचं बटण मात्र तुमच्या हातात आहे. साधा प्लगचा टायमर आणा आणि दिवा दिवसाला ६ ते ८ तासच चालू ठेवा. दुपारी तीन ते रात्री दहा ठेवलंत तर घरी आल्यावर मासेही बघायला मिळतील. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर टँक हलवा. हलवणं शक्य नसेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. मासे अंधारात राहतील ही काळजी करू नका, त्यांना खोलीतला उजेड पुरतो.

आता औषध. त्याने शेवाळ मरतं, पण ते टँकमध्येच सडतं. सडताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. खतही परत पाण्यातच जातं, म्हणजे पुढच्या शेवाळाची सोय झाली. तांबं असलेली औषधं तर गोगलगाई आणि झिंग्यांना मारतात.

सकरबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दुकानात तो बोटभर दिसतो, पण वाढून फूट-दीड फुटाचा होतो. मोठा झाला की काच चाटण्यापेक्षा तुम्ही टाकलेलं खाद्य त्याला जास्त आवडतं आणि विष्ठा तर ढीगभर. मग टँकमध्ये मावेना म्हणून लोक त्याला तळ्यात, नदीत सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता उजनीच्या जलाशयातही जाळ्यात येतो आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. काच चाटायला कुणी हवंच असेल तर नेराइट गोगलगाय घ्या. ती पांढरी ठिपक्यांसारखी अंडी चिकटवते, पण गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत.

त्यापेक्षा भराभर वाढणारी झाडं लावा. हॉर्नवर्टला मातीही लागत नाही, पाण्यात नुसती तरंगत सोडली तरी वाढते आणि शेवाळाच्या वाट्याचं खत ओढून घेते. वॅलिस्नेरियाही चांगली. छाटलेल्या फांद्या कचऱ्यात टाका, ओढ्यात नको.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव टँक पाणी बदला; तुमच्या टँकला एक बादली पुरे. नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन टाकायला विसरू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. काच खरवडायला जुनं एटीएम कार्ड उत्तम, फक्त तळाशी वाळूचा खडा अडकू देऊ नका, ओरखडा कायमचा राहतो.

एकदा बोटाने पुसूनही बघा. तपकिरी भुकटी सहज निघाली तर ते डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ), नव्या टँकमध्ये येतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. निळसर-हिरवा, बुळबुळीत पापुद्रा अख्खा सोलून आला आणि कुजका वास आला तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारे जिवाणू. तो पापुद्रा नळीने ओढून काढा, मग तीन-चार दिवस दिवा बंद आणि टँकवर जाड चादर. एअर पंप मात्र त्या दिवसांत रात्रंदिवस चालू ठेवा. चादर काढली की लगेच पाणी बदला.